रणधीर, तडिता आणि मायाचे वडील

कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या कँटीनमध्ये त्या दुपारी वाद पेटला तो 'अष्टवीर'वरून. अचाट शक्तीच्या आठ वीरांची ती टोळी. तिचे तीन सिनेमे आलेले, आणि टोळीला म्होरके दोन. रणधीर शिस्तीचा; जास्त माणसं वाचणार असतील तर एकाला मागं ठेवायलाही तयार. तडिता आपल्या एका माणसासाठी हुकूम धाब्यावर बसवणारी. नव्या भागात दोघांची जुंपली होती, तशीच ती पोरापोरींतही जुंपली.

उंब्रजची संयोगिता तडिताच्या बाजूची. होस्टेलच्या खोलीतली तिची जोडीदारीण माया, कडेगावची, रणधीरच्या.

"तडिताचं ऐकलं असतं तर आठच्या आठ मेले असते," माया शांतपणे म्हणाली. "म्होरक्याला रडून चालत नाही."

पोरांनी टेबलं वाजवली. संयोगिता हरत होती, आणि हरणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"तू रणधीरचीच बाजू घेणार गं! तुझ्या वडलांनीपण फौजेत जोडीदाराला बर्फात सोडलंच की!"

ही गोष्ट मायानं तिला एकदाच, उशीत तोंड खुपसून सांगितली होती. माया उठली आणि मिळेल त्या एसटीनं घरी गेली.

चार दिवस तिनं फोन उचलला नाही. रविवारी सकाळी संयोगिता कडेगावला जाऊन धडकली.

मायाचे वडील लालासाहेब, फौजेतले निवृत्त हवालदार, अंगणात ठिबकच्या नळ्या साफ करत होते.

"ये बाळ, बस. माया रानात गेलीया, येईल आता. लय गप-गप हाय पोरगी. भांडलासा व्हय?"

त्या आवाजानं संयोगिताला भडभडून आलं. एकदा खरं बोलून टाकलं की सुटले, असं वाटून तिनं सगळं सांगितलं. रणधीर, तडिता, आणि शेवटी ते वाक्यही.

लालासाहेबांचे हात थांबले.

"नानासो नाव त्याचं," ते म्हणाले. "पाय मोडला हुता. वादळ आलेलं, आन् पाच जनांना खाली न्यायचं हुतं. म्हनलं, परत येतो. गेलो बी. पर तवर..." त्यांनी नळी खाली ठेवली. "ह्ये मी मायाला कवा सांगितलं न्हाई. तिच्या आईला तेवढं म्हाईत."

फाटकात माया उभी होती.

"कुणाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घालून आईनं सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "तुला सांगितलं ती माझी चूक. पण बाबांना कशाला सांगितलंस? तुला हलकं वाटावं म्हणून?"

संयोगिता खरोखरच तेवढ्यासाठी आली होती.

"आता पुरं," लालासाहेब म्हणाले. मग संयोगिताकडं वळून त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या रणधीरला पुढं झोप लागती का गं? दावलंय का तसलं काय?"

"नाही काका. ते दाखवलं नाही."

"मग अर्धंच दावलंय," म्हणत ते हातपाय धुवायला गेले.

माया स्टँडपर्यंत सोडायला आली, पण दोन पावलं पुढं चालत. एसटी लागल्यावर म्हणाली, "उद्या येते कॉलेजला. पण खोली बदलून मागणार आहे."

होस्टेलवर पोचताच संयोगितानं वॉर्डनबाईंना गाठून स्वतःसाठीच दुसरी खोली मागितली. दोघींची ती मोठ्या खिडकीची खोली मायाला आवडायची. संयोगितानं आपलं सामान बांधलं आणि जिन्याखालच्या कोंदट खोलीत नेऊन ठेवलं.