आधी मशीन, मग खीर

शालनला घाम फुटला की आंबिवलीच्या त्या चाळीत साखरेचे डबे उघडायचे. याला कारण शालनच. मागच्या वर्षी वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, ती बुद्धविहारात ग्रंथवाचनाला बसली, ती सकाळचं इन्सुलिन घेऊन आणि पोटात अन्नाचा कण नसताना. साखर उतरली आणि बाई वाचता वाचता आडवी झाली. शुद्धीवर आली तेव्हा शेजारची म्हातारी कमळाबाई तिच्या हिरड्यांना साखर चोळत होती. तेव्हापासून अख्ख्या चाळीने खूणगाठ बांधली, शालनला घाम आला की तिला गोड द्यायचं.

पण पुढे घाम भलत्याच कारणाने यायला लागला. ‘परत तसंच झालं तर?’ एवढं मनात यायचा अवकाश, छाती धडधडायची, हात कापायचे, आता आपण मरतोच असं वाटायचं. भीती आणि उतरलेली साखर या जुळ्या बहिणी. तोंडावरून ओळखू येत नाहीत. शालन दोघींनाही साखरच चारायची. मग साखर चढायची, कल्याणचे डॉक्टर इन्सुलिन वाढवायचे, त्याने साखर खरोखरच उतरायची आणि भीतीला आयतं निमित्त मिळायचं.

शेवटी तिने वाचन सोडलं. तिच्या आईला अक्षर येत नव्हतं. चारचौघांत ग्रंथ वाचणारी शालन त्यांच्या घरातली पहिली बाई. जो आवाज ऐकायला मानपाड्याहून माणसं यायची, तो आता ‘भाजी झाली’ एवढं सांगण्यापुरता उरला. याचं तिला फार वाईट वाटायचं.

लेक दीप्तीने डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं तेव्हा खरी भानगड कळली. दर वेळी साखर उतरत नव्हती, बऱ्याचदा तो घाबरण्याचा झटका होता. डॉक्टरांनी इन्सुलिनचं प्रमाण नीट बसवून दिलं, समुपदेशक बाईंकडे पाठवलं आणि बजावलं, आधी मशीनवर साखर बघा, मग खा.

“सुई टोचेपर्यंत जीव गेला तर?” शालनने घरी येऊन विचारलं.

“मम्मी, पाच सेकंद लागतात. तुला साखरेचा डबा उघडायला त्याहून जास्त टाइम लागतो!”

या वर्षी आश्विन पौर्णिमेला वर्षावासाचा समारोप होता. शेवटचं प्रकरण वाचायला शालन ‘हो’ म्हणून बसली. घरोघरून खिरीची पातेली आली होती, विहार भरला होता. पहिलं पान अर्धं झालं आणि अक्षरं हलायला लागली. मानेवरून घामाची धार लागली. कमळाबाई साखरेची वाटी घेऊन उठलीच.

“आ कर, शालन!”

तिच्या मागे आणखी तीन वाट्या.

“थांबा!” शालन ओरडली. पर्समधून मशीन काढलं. पट्टी काही केल्या आत जाईना. दीप्ती अर्धवट उठली, मग ओठ चावून खाली बसली. आकडा आला, एकशे अठरा.

“साखर चांगली आहे,” शालन माइकवर म्हणाली. “मी नुसती घाबरलेय.”

हे बोलणं तिला वाचण्याहून जड गेलं. कोणी हसलं नाही.

“मग गं, आता काय द्यायचं तुला?” कमळाबाईने वाटी हातात धरूनच विचारलं.

“काही नको. बसा माझ्याबरोबर. दर रविवारी मी इथे पोरांना सांगायचे ना, श्वासाकडे बघा म्हणून? आज मलाच बघायचाय.”

सगळ्यांनी डोळे मिटले. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. छातीने लगेच काही ऐकलं नाही, पण हळूहळू ती जागेवर आली. शालनने पान पुन्हा पहिल्यापासून धरलं. आवाज थोडा वेळ कापला, मग मोकळा झाला आणि पार चपलांपाशी बसलेल्यांपर्यंत पोचला.

वाचन लांबलं, जेवणाची वेळ टळली. ग्रंथ मिटला तेव्हा बायका डोळे पुसत होत्या, आणि दीप्ती लांबून मनगटावर बोट आपटून वेळ दाखवत होती. शालनने बोट टोचलं. सहासष्ट! ना घाम, ना धडधड. हाच आकडा मागे दिसला असता तर तिने हाय खाल्ली असती. आज तिला हसू आलं.

“कमळाबाई, आता खरंच उतरली. आधी साखर द्या, मग खीर!”

“अगं, तेवढं ऐकायलाच तर बसलेय मी मघापासून!” कमळाबाई लगबगीने आली आणि सवयीने चमचा तिच्या तोंडाशी नेला. शालनने तोंड उघडलं नाही. हात पुढे केला, चमचा आपल्या हातात घेतला आणि स्वतःच्या हाताने साखर खाल्ली.