सोनेरी रंगाखालचा नंबर

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी ट्रंक आहे. अशा कहाण्या शांतपणे सांगायच्या असतात, ठाऊक आहे मला. पण मी चिडलेय, त्यामुळे मधूनमधून झाकण आपटेल. सांभाळून घ्या.

माझा जन्म एका छावणीच्या बाजारात झाला. पत्रा ठोकून ठोकून कारागिराने मला आकार दिला, वर काळा रंग फासला आणि गुणाजी परब नावाचा नवाकोरा शिपाई मला खांद्यावर टाकून घेऊन गेला. पहिल्याच दिवशी माझ्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव आलं. फौजेत नाव नसलेली पेटी म्हणजे बेवारस. मी परबांची होते आणि त्याचा मला भारी तोरा होता.

एका वर्षी गुणाजीला दुसऱ्या पलटणीच्या मदतीला धाडलं, थेट बर्फातल्या चौकीवर. त्याची स्वतःची पलटण मात्र खाली मैदानातच राहिली. हे लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

तिथला एक रिवाज होता. वर चढणाऱ्या जवानाने आपली पेटी पायथ्याच्या गोदामात ठेवायची. गोदामवाला तिच्या दर्शनी बाजूला लाल रंगाने नंबर घालायचा. माणूस खाली आला की नंबर सांगून पेटी न्यायची. तो आलाच नाही, तर त्या नंबरावरून पेटी त्याच्या घरी पाठवायची. माझ्या शेजारची एक पेटी अशीच घरी गेली. थंडी इतकी, की माझ्या कडीला बोट चिकटून बसायचं. सगळा हिवाळा मी दाराकडे तोंड करून काढला. शेवटी गुणाजी आला. ओठ फुटलेले, गाल काळवंडलेले. माझ्यावर थाप मारून म्हणाला, "चल गो बाय, दोघंही शाबूत आहोत."

पुढे त्याने चाकांची बॅग घेतली आणि मला लालबागच्या चाळीतल्या खोलीत आणून सोडलं. मी म्हटलं, संपलं आपलं. पण उलटंच झालं. दरवर्षी घरचा गणपती माझ्यावर बसू लागला. गुणाजीची लेक अक्षदा हौसेने मला रंगवायची. एका वर्षी गुलाबी, एका वर्षी मोरपंखी, मग सोनेरी. शेजारणी विचारायच्या, "मखर कुठून गं आणलं?" मी नुसती फुलून जायचे.

मग गेल्या वर्षी गुणाजी हवालदार म्हणून निवृत्त झाला. आणि शेवटचा हिशेब करताना कचेरीने कळवलं, की तुमची पलटण मैदानात होती, म्हणजे तुम्ही बर्फात नव्हताच. बर्फाचा भत्ता तुम्हाला चुकून जास्तीचा दिला गेला. तो परत करा, आणि तो आपला नव्हता हे मान्य असल्याची सही द्या. तोवर तुमचे पैसे अडकून राहतील.

नव्हताच? मग मी त्या गोदामात कुणाची वाट बघत कुडकुडले? कचेरीच्या पंख्याची?

चाळीत बातमी फिरायला कितीसा वेळ लागतो. बाजूचा निलेश जिन्यात म्हणाला, "काय परब, आम्हाला शिस्त शिकवायचात. आणि सरकारचाच माल हाणलात होय?"

गुणाजी तसाच जिना चढला. घरात येऊन माझ्यावर बसला. माझ्यावरच.

"देऊन टाकतो सही," तो म्हणाला. "कटकट नको."

"बाबा, पैसे गेले तर जाऊ देत," अक्षदा म्हणाली. "पण सही केलीत, तर तुम्ही तिथं नव्हतातच असं होईल. मी शाळेत काय थापा मारत होते का इतकी वर्षं?"

ती त्याला ओढतच कचेरीत घेऊन गेली. तिथल्या बाबूने विचारलं, "पुरावा काय?" गुणाजी म्हणाला, "पेटी गोदामात होती. नंबर होता तिच्यावर." बाबू हसून म्हणाला, "मग सांगा नंबर. तिथल्या वहीत नंबरावरूनच नोंद सापडते, विचारून घेतो."

पण इतक्या वर्षांनी नंबर कुणाच्या ध्यानात असणार?

दोघं घरी आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी सोनेरी, झगमगीत. अक्षदाचा चेहरा पडला. "आईशप्पथ, बाबा. मीच झाकला."

मग तिने पॉलिशपेपर आणला. तिची आई मीराबाई घाबरली, "हळू गो, नंबर पण जाईल खरवडून." सोनेरी गेला, मोरपंखी गेला. मला लागत होतं, पण मी मनात ओरडत होते, घास, अजून घास. गुलाबी रंगाशी ती थांबली, रॉकेलचा बोळा घेतला आणि बाळाचं तोंड पुसावं तशी पुसत राहिली. आणि लाल आकडे दिसले. ४१७.

गुणाजीने त्यांवरून बोट फिरवलं. सही मागणारा कागद तिथंच फाडला.

पायथ्याच्या गोदामातून उत्तर आलं. पेटी ४१७, परब, वर गेला, खाली आला. मग कचेरीचीही एक ओळ आली, वसुली रद्द. बस. चूक झाली, माफ करा, एवढं लिहायला शाई संपली होती बहुतेक. माझा राग अजून गेलेला नाही, आणि मी तो जाऊही देणार नाही.

यंदा गणपतीला अक्षदाने मला रंग दिला नाही. खरवडलेल्या अंगानेच मी बाप्पाला घेतलं. निलेश आरतीला आला, म्हणाला, "परब, रंगाचा डबा परवडला नाही का यंदा?"

"तो नंबर दिसतोय ना," गुणाजी म्हणाला. "मी वरून खाली आलो नसतो, तर तो बघून ही पेटी एकटी इथं आली असती."

निलेशने हातातला मोदक परत ताटात ठेवला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर रंगवा, नटवा, आम्हाला आवडतं ते. पण त्याआधी आमच्यावर काय लिहिलंय ते एकदा वाचा. आणि कुणी तुमच्या माणसाला तू तिथं नव्हतासच म्हटलं, तर गप्प बसून सही करू देऊ नका. घासा.