बुडबुड्यातून निसटणारा वायू

दोन मुलं झाल्यावर पीएच.डी.ला आल्या म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्यांना काकू म्हणत. काम होतं कारखान्याच्या धुरातला विषारी वायू अडवण्याचं. उंच काचेच्या नळीत कोळशाचे बारीक कण भरायचे. खालून वायू सोडला की थर उकळत्या पाण्यासारखा खदखदायचा आणि वायू कणांना चिकटून राहायचा. किती चिकटेल, हे काकूंनी संगणकावर गणित मांडून आधीच सांगायचं होतं.

त्यांच्या मार्गदर्शक सरांचं जुनं सूत्र म्हणे, शंभरातले त्र्याण्णव भाग वायू अडतो. काकूंचं गणित साठाच्या वर जाईना.

"मोठे बुडबुडे कणांना न शिवता सरळ वर पळतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या सूत्रात बुडबुडे धरलेलेच नाहीत."

सर हसले. "एखादा गुणांक वाढवा, जुळेल."

"जुळेल हो. पण ते गणित नव्हे, जुळवाजुळव."

"मग प्रबंधावर माझी सही विसरा."

घरी सासूबाई भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "आणि तूच चुकली असशील तर?"

"तर कबूल करीन. पण तपासल्याशिवाय नाही."

"मग तपास की! माझ्या भाजीवर कशाला डोळे वटारतेस?"

कामाची प्रगती पाहण्याच्या पुढच्या बैठकीत परीक्षक नळीभोवती जमले. काकू म्हणाल्या, "वायूचा वेग दुप्पट करते. सूत्राप्रमाणे आकडा ब्याण्णवच्या खाली जाणार नाही. माझ्या गणिताप्रमाणे बुडबुडे फुगतील आणि तो पन्नासावर येईल."

"परवानगी कोणी दिली?" सर गरजले.

"मागितलीच नाही." त्यांनी झडप फिरवली.

थर उसळला. मुठीएवढे बुडबुडे वर येऊन फुटू लागले. दहा मिनिटांनी मीटर स्थिरावला: अठ्ठावन्न.

"पन्नास म्हणाला होतात," सर लगेच म्हणाले.

"हो, आठानं चुकले. प्रबंधात तसंच लिहीन. तुमचं सूत्र चौतिसानं चुकलं, ते कुठे लिहू?"



सरांनी सही दिलीच नाही. काकूंनी मार्गदर्शक बदलला. वर्ष हातचं गेलं, टेबल जिन्याखाली गेलं. तिथे बसून त्यांनी त्या आठाचा पाठपुरावा केला. बुडबुड्याच्या कडेतून थोडा वायू कणांकडे झिरपत होता, तो त्यांनी कमी धरला होता. दुरुस्ती केल्यावर गणित सत्तावन्नावर आलं.

शेवटच्या तोंडी परीक्षेत एक परीक्षक हळूच म्हणाले, "जुन्या सूत्राबद्दलचं प्रकरण जरा सौम्य करता येईल?"

"नाही," काकू म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं.