आतड्यात बिघाड नाही

कागदावरच्या चढत्या रेषेवर ओरेस्टने बोट ठेवलं आणि ती खाली उतरेपर्यंत सरकवत नेलं.

"इथं साखर लहान आतड्यात पोचली," नर्स डोरीन म्हणाली. "बघा, आतड्यानं लगेच संप्रेरकं सोडली. पोट भरल्याचा निरोप मेंदूला वेळेवर गेला. तुमचं आतडं तर विशीतल्या पोराला लाजवेल!"

ओरेस्टचा चेहरा खर्रकन उतरला.

बायको मारुस्या गेल्यापासून चार महिन्यांत त्याचं सतरा किलो वजन घटलं होतं. अन्नावरची वासनाच उडाली होती. तिच्या हातच्या, भात भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्यांचे डबे फ्रीझरमध्ये तसेच पडून होते. भूक मेलेल्या म्हाताऱ्यांवर कॅल्गरीत संशोधन चाललंय, हे कळताच तो तीन तास गाडी हाकत आला होता. नाकातून थेट लहान आतड्यापर्यंत नळी, तिच्यातून साखरेचं पाणी, दर पंधरा मिनिटांनी रक्त. त्याने हूं की चूं केलं नाही. एकदाचा रोग सापडू दे, एवढंच त्याला हवं होतं. रोगाला औषध तरी असतं.

"बिघाड नाहीच म्हणतेस?"

"नावालाही नाही."

"नीट बघ गं. जन्मभर साखरेचं बीट पिकवलं मी. साखरेनं कुठंतरी दावा साधलाच असेल की."

डोरीन हसली. तो हसला नाही, तशी तिने खुर्ची जवळ ओढली.

"काय झालं, ओरेस्ट?"

"मुलीला सांगून बसलोय, आतड्याचं दुखणं आहे म्हणून. लेस्या रोज फोनवर डोकं खाते, पण आतड्यावरून. आता काय सांगू तिला?"

"खरं ते सांगा. आईवाचून घास उतरत नाही म्हणावं."

"छे! रडेल ती."

"रडू दे की."

"तिचं ठीक आहे. तिला नवरा आहे, पोरं आहेत, कुणीतरी जवळ घेईल." ओरेस्टने कागदाची घडी घातली, ती वाकडी झाली, पुन्हा उलगडली. "मी एकदा सुरू झालो ना, की मला गप्प करणारी एकच होती. चार महिने दात आवळून बसलोय, बाई."

डोळे भरून आले, तसं त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

बाहेर पुढचा पेशंट ताटकळत होता. डोरीनने उठून दार लोटलं आणि परत येऊन त्याच्या शेजारी बसली.