मातीत टाकायची ढेप

आमच्या ह्यांना, म्हणजे धर्मेंद्रला, एरंडीबद्दल काही विचारायची सोय नाही. एकदा सुरू झाले की एरंडाचं गुऱ्हाळ संपतच नाही. बडनेऱ्याबाहेरच्या आमच्या वाडीत पानकोबीच्या चारी बाजूंनी यांनी एरंडी लावली. अळीचं पाखरू एरंडीचं रुंद पान पाहून तिथेच अंडी घालतं, ते पान खुडून जाळलं की कोबी वाचते आणि फवारणीही वाचते. तसं खरोखरच झालं, मी नाही म्हणत नाही. पण भाजी न्यायला आलेल्या टेंपोवाल्यालासुद्धा ते ऐकावं लागलं, त्याचा मला वैताग.

यंदा हुमणीच्या अळीनं मुळं खाल्ली म्हणून यांनी एरंडीची ढेप आणली. बियांचं तेल काढलं की उरतो तो चोथा. मातीत मिसळला की त्याचं खत होतं आणि हुमणीलाही तो आवरतो. जेवताना यांचं त्यावर भाषण झालं. विष बीमध्ये असतं, तेलात उतरत नाही, ढेपेतच राहतं. जनावराच्या पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. हे सगळ्यात मोलाचं वाक्य यांनी शेवटी ठेवलं. तोवर सासूबाई गाईचं दूध काढायला उठून गेल्या होत्या.

पोतं पंपाच्या खोलीत ठेवा, घरी आणू नका, असं मी बजावलं आणि यांनी ऐकलं. फक्त मूळ पोतं वाटेत फाटलं होतं, म्हणून यांनी ती गाईच्या सरकीच्या ढेपेच्या रिकाम्या पोत्यात ओतली. हे मला फार उशिरा कळलं.

चांदी आमची गाय. तिची आई तिला जन्म देऊन गेली, तेव्हा सासूबाईंनी बाटलीनं दूध पाजून तिला जगवलं. इतकी मोठी झाली, दुभती झाली, तरी सरकीच्या ढेपेचा पहिला गोळा सासूबाईंच्या तळहातावरूनच खायची. मी गोळा पुढे केला तर नुसती बघत राहायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

हे अकोल्याला जठारपेठेत नणंदेकडे लग्नाच्या कामाला गेले आणि इकडे सासूबाई पंप सुरू करायला खोलीत गेल्या. ओल धरत असलेलं ढेपेचं पोतं त्यांना दिसलं. पोराला कशाची किंमत नाही, असं पुटपुटत त्यांनी ते डोक्यावर घेतलं आणि गोठ्यात आणून ठेवलं. पोत्यावर सरकीचंच नाव होतं आणि ते कुठून आलं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला तरी काय शंका येणार?

दुसऱ्या दिवशी चांदीनं वैरण सोडली. मग पातळ शेण, त्यात रक्त. डॉक्टरांनी काय खाल्लं ते विचारलं, तर सासूबाईंनी रोजचंच सांगितलं, कडबा आणि सरकीची ढेप. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, वाट पाहू. सासूबाईंना वाट पाहणं जमेना. अशक्तपणानं पाय थरथरतात असं त्यांनी ठरवून टाकलं, ढेपेत गूळ कालवून बसल्या आणि लहान लहान गोळे तिच्या तोंडाशी धरत राहिल्या. हिरव्या गवताकडे न बघणारी चांदी ते गोळे खात होती. मला तेव्हा किती बरं वाटलं.

संध्याकाळी हे आले, गोठ्यात शिरले आणि पोत्यापाशीच थांबले. मला घरामागे नेऊन यांनी सांगितलं, त्या पोत्यात सरकीची नाही, एरंडीची ढेप आहे. डॉक्टरांना फोन केला. त्यांनीही तेच सांगितलं, सलाईन चालू ठेवा, याला उतारा नाही. यांनी पोतं उचलून वाडीत नेलं आणि उरलेली ढेप मातीत गाडून टाकली. सासूबाईंना सांगायचं नाही, एवढं एकच आमच्या हातात होतं.

पहाटे चांदी गेली. बांधावर खड्डा खणून, मीठ टाकून तिला पुरलं. सासूबाई रडल्या नाहीत. ओसरीवर बसून शांतपणे बोलायला लागल्या.

"उपाशी नाही गेली माही चांदी. काही खात नवती, पन माह्या हातची ढेप खाल्ली तिनं."

आम्ही दोघंही मान हलवत होतो.

"उरलेली ढेप शेजारच्या मनकर्णेच्या गाईले देऊन देतो. बिचारीची गाय लय खराब झाली. पोतं कुठी ठेवलं रे?"

"वावरात टाकली, माय," हे म्हणाले.

"वावरात? ढेप मातीत कोन टाकते?"

एरंडीवर तासभर बोलणारा माणूस चांदीचं दावं गुंडाळायला लागला. सासूबाई एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. ढेपेतल्या विषाचं भाषण त्यांनी अर्धं का होईना, ऐकलं होतं.

"बिमार पडल्यावर मी गुयासंगं कालवून चारली, थे बी थेच व्हय?"

यांनी मानेनंच हो म्हटलं.

सासूबाईंनी उजवा हात पदराखाली घेतला. दिवसभर तो बाहेर काढला नाही, पाण्याचा पेलासुद्धा डाव्या हातानं धरला. दिवेलागणीला मी ताट घेऊन शेजारी बसले आणि भाकरीचा घास करून त्यांच्या तोंडाशी धरला. बराच वेळ त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. शेवटी माझं मन राखायला त्यांनी तोंड उघडलं. चांदीनंही त्यांच्या हातच्या गोळ्यासाठी असंच उघडलं होतं. ते त्यांनाही आठवलं असावं, कारण घास तोंडात घेऊन, न चावता, त्या तशाच बसून राहिल्या.