वेगळं दार

कुडाळात मला सगळे इंजिनेर म्हणतात. मी आर्किटेक्ट आहे हे सांगून सांगून माझा घसा बसला, तेव्हा मी तो नाद सोडला. लोक माझ्याकडे येतात ते नकाशावर सही-शिक्का हवा म्हणून. घर कसं असावं हे त्यांनी चुलतभावाचं घर बघून आधीच ठरवलेलं असतं. त्यामुळे शहाऐंशी सालच्या दिवाळीनंतर दाजी ऑफिसात येऊन "तुम्ही विचारा, आम्ही सांगतो" असं म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं. एवढ्यावर बरं वाटून घ्यावं असेच ते दिवस होते.

दाजी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगा गुरुदास मुंबईला बँकेत. कुडाळात भाड्याच्या खोल्यांत आयुष्य काढलं आणि आता मालवण रस्त्यावरच्या आपल्या गावी, वाट्याला आलेल्या जमिनीत घर बांधायचं होतं. सोबत त्यांची मुलगी दुर्गा आली होती. गुरुदासपेक्षा मोठी, पस्तिशीची असेल. तिचा नवरा गेल्यावर फोंडाघाटच्या सासरच्यांनी तिला मागच्या पडवीत ठेवलं. दिवसभर राबायचं, पुढच्या दाराने यायचं नाही. दाजी एकदा लेकीला बघायला गेले आणि त्याच पावली तिला घेऊन परत आले. पुढे आईचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं.

"दोन खोल्या हिच्यासाठी," दाजी म्हणाले. कचेरीतली भाषा होती. "स्वतंत्र चूल, स्वतंत्र दार." मग भाषा सुटली. "माझ्या मागे हिका कोणी भायर हो म्हणूक नको. मी तिका शब्द दिलंय."

माझी एक खोड आहे. गिऱ्हाइकाला किती खोल्या हव्यात ते मी पहिल्यांदा विचारत नाही. दिवसभर घरात काय काय करता, ते विचारतो. पुरुष यावर हसतात. बायका गप्प बसतात, कारण ते त्यांना कोणी विचारलेलं नसतं. दुर्गाही गप्प बसली. मला वाटलं, गेलं हे वाया.

मग ती म्हणाली, "सकाळी चाय पिताना बसाक एक पायरी व्हयी. माझ्या दारात. कोणी उठ म्हणूचा नाय अशी."

दाजी खिडकीबाहेर बघत राहिले. मी ते लिहून घेतलं नाही, लक्षात राहण्यासारखंच होतं.

जमीन पाहून आलो. उताराची होती, काजूची झाडं, एका कोपऱ्यात विहीर. दुर्गाच्या खोल्या विहिरीच्या बाजूला घेतल्या, म्हणजे तिला पाण्यासाठी कुणाच्या दारावरून जावं लागू नये. पेन्सिलीने कच्चा नकाशा काढला आणि दोघांना बोलावलं. दाजी प्रत्येक रेघेला मान डोलावत होते. जो प्रत्येक रेघेला मान डोलावतो त्याला नकाशा अजिबात कळलेला नसतो, हे मी अनुभवाने सांगतो. दुर्गाने मात्र बोट टेकवलं. रस्त्यावरून बोट आत आलं, विहिरीला वळसा घालून तिच्या पायरीवर थांबलं, दारातून आत शिरलं, चुलीपाशी गेलं.

"हय माका धूर लागतलो," ती म्हणाली. "खिडकी हयसर घेवया."

तिचं बरोबर होतं. मी खिडकी सरकवली. त्यानंतर ती चार-पाचदा तरी आली असेल. फळी कुठे, मोरी कुठे, देव कुठे. ती बालवाडीत शिकवायची, ती सुटली की यायची, नकाशावर बोटाने फिरून यायची आणि जायची. घर बांधायच्या आधीच ती तिथे राहायला गेली होती, असं मी म्हणेन. आणि मला ते आवडत होतं. माझ्या धंद्यात असं सुख फारसं मिळत नाही.

दाजींना काही कळत नव्हतं म्हणून मी पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. ते त्यांना कळलं. रेडिओशेजारी मांडून ठेवलं आणि येईल त्याला दाखवू लागले. मे महिन्यात गुरुदास सुट्टीला आला, त्यालाही दाखवलं. मी तिथेच होतो, मला जेवायला बोलावलं होतं.

गुरुदासने मॉडेल हातात घेऊन फिरवलं. विहिरीच्या बाजूला येऊन थांबला. "हे दुसरं दार कशाला?"

दाजींनी सांगितलं.

"ताई राहू दे की, कोण नको म्हणतो? घर तिचंच आहे," गुरुदास म्हणाला. "पण वेगळी चूल, वेगळं दार म्हणजे उद्या पंचायतीत वेगळा घरनंबर लागणार. उद्या तिच्या सासरचा कोणी येऊन बसला तर त्याला कोण उठवणार? एकच दार असलं म्हणजे घर एक राहतं, बाबा."

तो गोड बोलला. रागाने बोलला असता तर दाजींना भांडता आलं असतं. स्लॅबचा सगळा खर्च तो उचलणार होता, हे त्याने तोंडातून काढलंही नाही. काढायची गरज नव्हती. तेवढ्यात दुर्गा सोलकढी घेऊन आली आणि आम्ही तिघेही पावसाच्या अंदाजावर बोलू लागलो. तिने मॉडेल उचलून परत रेडिओशेजारी नीट ठेवलं. तिला कळलं होतं. आमचीच तोंडं बघण्यासारखी झाली होती.

दोन दिवसांनी दाजी एकटे ऑफिसात आले. पक्के नकाशे काढायचं काम चाललं होतं.

"त्या दाराचा जरा थांबवा," ते म्हणाले.

"ठेवूचा की काढूचा, ता सांगा. थांबवूक दार म्हणजे एस.टी. नाय."

"देवीक कौल लावया. ती देईत तसा."

आमच्याकडे हे सगळे करतात. विहीर खणायची, मुलगी द्यायची, घर बांधायचं, सगळं देवीला विचारून. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्या बापानेही माझं कॉलेज असंच ठरवलं, तेव्हा मला कौलाचं वावडं नाही. पण मी भडकलो.

"दाजी, शब्द तुमी दिलात. देवीन नाय दिल्यान. पाळूचो काय मोडूचो, ता तुमी ठरवा. तिच्यावर कित्या ढकलतात?"

"तुमका पोरा नाय, तुमका नाय कळाचा," दाजी म्हणाले. मला पोरं नाहीत हे खरं.

गुरुदास मुंबईला परतायच्या आधीचा दिवस धरून आम्ही देवळात गेलो. मी नकाशाची गुंडाळी घेऊन, दाजी, गुरुदास, आणि दुर्गाही. तिला कोणी ये म्हटलं नव्हतं, येऊ नको म्हणायची कोणाची छाती झाली नाही. महादू गुरवाने पाकळ्या लावल्या आणि हात जोडून सुरुवात केली.

"आई माते, ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इलेली आसत. हेंनी घर बांधूचा योजलेला आसा. तेच्यात लेकीक वेगळा दार ठेवूचा म्हणतत. तुझी मर्जी आसात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी..."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

पाकळी पडली, उजवी. फारसा वेळही लागला नाही.

महादूने ती उचलून दाजींच्या हातावर ठेवली. दाजी पाकळीकडे बघत राहिले. मी गुंडाळी बगलेत मारून निघायच्या तयारीत होतो.

"महादू," दाजी म्हणाले, "तू नीट सांगूक नाय रे. दोन घरा होतली, भावाभैणीत अंतर पडात, ता सांग आणि मगे इचार."

महादूने पुन्हा पाकळ्या लावल्या, पुन्हा सगळं सांगितलं. पुन्हा उजवीच पडली. गुरुदास खाली फरशीकडे बघत होता. मला वाटतं तो ओशाळला होता. बापाने एवढं करावं असं त्यालाही वाटलं नसावं.

दाजींच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी दुर्गाकडे बघितलं नाही. महादूच्या जवळ सरकून हळू आवाजात म्हणाले, पण देवळात हळू बोललेलंही ऐकू येतंच, "आता असा इचार. एकच दार ठेवला, लेक सगळ्यांबरोबर म्होरच्या दारान इली, तर घराचा बरा होयत काय?"

महादू घुटमळला. मग त्याने तसं विचारलं. या वेळी पाकळी बराच वेळ पडेना. आम्ही सगळे उभे. आणि मग पडली. उजवीच.

"दिल्यान," दाजी म्हणाले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. हात जोडले, डोळे मिटले. मी इतकी घरं बांधली, सुटका झालेला इतका दुःखी माणूस पाहिला नाही.

दुर्गाने पुढे होऊन तीर्थ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "बाबानू, घरातच माका सांगला असतात तर मीच म्हटला असतंय, दार नको. देवीक तीनदा उभी कित्या केलात?"

ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली.

मी ऑफिसात जाऊन ब्लेडने ते दार खरवडलं. ट्रेसिंग पेपरवरची शाई खोडरबराने जात नाही, खरवडावीच लागते, आणि कागदाला तिथे कायमचा खडबडीतपणा येतो. पायरीही गेली. चुलीच्या जागी मी 'सामानाची खोली' असं लिहिलं. दुर्गा त्यानंतर नकाशा बघायला आली नाही.

पावसाळा झाला. गणपती झाल्यावर ती फोंडाघाटला गेली. सासू अंथरुणाला खिळली होती, तिकडून निरोप आला होता. जाते आणि येते म्हणाली. दसरा आला तरी परतली नाही.

दसऱ्याला आखणी केली. आखणी म्हणजे कागदावरचं घर जमिनीवर उतरवणं. खुंट्या मारायच्या, दोऱ्या ताणायच्या, चुन्याच्या रेघा ओढायच्या. गुरुदास मुद्दाम आला होता. गवंडी चुना टाकत पुढे गेला तसे दाजी रेघांच्या आत येऊन उभे राहिले. जे कागदावर कधी कळलं नाही ते त्यांना मातीवर कळायला लागलं.

"दुर्गा खयसून येतली?" त्यांनी मला विचारलं.

"म्होरच्या दारातून. मगे तुमच्या खोलीतून, मगे गुरुदासच्या खोलीवरून."

दाजी तसे चालत गेले. पुढच्या दारातून, स्वतःच्या खोलीतून, मुलाच्या खोलीवरून, शेवटच्या चौकोनात. तिथे तीन बाजूंना रेघ होती आणि बाहेर दोन पावलांवर विहीर. ते तिथे उभे राहिले. बराच वेळ झाला तेव्हा गुरुदास जवळ गेला.

"हय दार ठेवा," दाजी गवंड्याला म्हणाले. "आणि पायरी."

मग गुरुदासनेच वाकून हाताने तिथला चुना पुसला. त्याला मी पुष्कळ नावं ठेवली आहेत, पण हे त्याचं सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दाजींना घेऊन मी फोंडाघाटला गेलो. त्यांना एकट्याला सोडवेना. दुर्गा घराच्या मागे भांडी घासत होती. आम्हाला बघून उठली, पदराला हात पुसले, बसायला पाट दिले. पडवीत तिचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं दिसत होतं.

"तुझा दार ठेवलंय गो," दाजी म्हणाले. "चल घराक."

"देवीक परत इचारलात?"

"नाय. कोणाकच इचारूक नाय. मीच सांगलंय."

"मगे तेव्हाच कित्या नाय सांगलात?"

दाजींची मान खाली गेली. मला राहवेना. "अगो, झाला ता झाला," मी म्हणालो. "हय तुका पडवीत ठेवतत. म्होरच्या दारान येवक देणत नाय. थय तुझा घर आसा, तूच बोट फिरवून काढलेला. हय कित्या रवतंस?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे.

"ठेवतत पडवीत," ती म्हणाली. "पण हय माका कोणी कधी काय कबूल करूक नाय. म्हणान हय रवाक जमता."

आतून सासूने हाक मारली. दुर्गा चुलीकडे वळली, पातेलं चढवलं आणि दाजींना विचारलं, चहात साखर घालू ना, की डॉक्टरांनी अजून बंदच ठेवली आहे.