न मारता धरायचं

धाकटीचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि धाप तिला दुसऱ्यावरच गाठायची. सेहेचाळीस वर्षांची बाई, पण पाठचं शेंडेफळ म्हणून घरात नाव धाकटीच पडलं ते पडलंच. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात ती वीस वर्षं एकाच स्टुलावर बसत आली होती. सकाळी आईचं आवरायचं, तिच्याकडे बघायला शेजारणीला किल्ली द्यायची, दिवसभर काचा, संध्याकाळी पुन्हा आई. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, विश्वास बसेना म्हणून पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, अंग हलवा, नाहीतर आईच्या आधी तुम्हालाच उचलून न्यावं लागेल.

चालायला जाऊन पाहिलं. पण चालताना डोकं रिकामं राहायचं आणि रिकाम्या डोक्यात आई येऊन बसायची. शेजारच्या स्टुलावरची मैत्रीण म्हणाली, माझी नणंद कराटे शिकून आठ किलो उतरली, तूही तसलं काहीतरी कर, लक्ष दुसरीकडे जाऊच देत नाहीत. वेगळं राहणाऱ्या दादाला विचारलं. तो आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर आईपाशी बसायला तयार झाला. त्याच्याकडून एवढं मिळालं हेच खूप होतं.

आधी ती कराटेच्या वर्गात गेली. तिथे रांगेत सगळी आठ-दहा वर्षांची मुलं. पहिलीच लाथ कमरेच्या वर नेताना तिच्या गुडघ्यातून असा काही आवाज आला की शिकवणाऱ्यानेच तिला खुर्ची आणून दिली. मग रस्त्यापलीकडच्या जुन्या गोदामातल्या बॉक्सिंगच्या वर्गात. तिथला प्रशिक्षक हातात सदानकदा घड्याळ धरून असायचा, म्हणून सगळे त्याला मिनिटवाले म्हणत. मिनिटवाल्यांनी तिच्या हातांत जाड हातमोजे चढवले, लोंबणाऱ्या पिशवीपुढे उभं केलं आणि सांगितलं, खांद्यातून सोडा, विचार करत बसू नका.

पिशवीवर पहिला ठोसा बसला तेव्हा धाकटीला जे वाटलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. बरं वाटलं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तीन मिनिटं मारायचं, एक मिनिट थांबायचं. ते एक मिनिट तिला जड जायचं. सहा आठवड्यांत तिचं चार किलो वजन उतरलं. जिने ती एका दमात चढू लागली, आणि रक्तदाबाचा आकडा पाहून डॉक्टरीणबाईंनी तिची पाठ थोपटली.

आई लाँड्रीत तीस वर्षं ओल्या चादरी पिळत आलेली. डोकं पाच वर्षांपूर्वी साथ सोडू लागलं, पण मनगटं शाबूत होती. गेल्या वर्षापासून ती मारायला लागली होती. अंघोळीची वेळ सगळ्यांत वाईट. अंगावरचे कपडे कुणीतरी परकी बाई काढतेय असं तिला वाटायचं आणि ती जिवाच्या आकांताने झुंजायची. धाकटीच्या दंडावर पिवळे-निळे डाग कायमचे वस्तीला आले होते. कारखान्यात ती लांब बाह्या घालायची.

एका सकाळी अंघोळ घालताना आईने तिचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. पुढचं धाकटीला नीट दिसलंच नाही. तिचा उजवा हात खांद्यातून सुटला. सरळ, नेमका, शिकवला होता तसा. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट मागे गेली आणि भिंतीला टेकली. गालाच्या हाडावर लगेच टेंगूळ आलं. ती रडली नाही. पाणी तसंच वाहत राहिलं आणि आई हात तोंडापुढे धरून, आता पुढचा कुठून येतोय याची वाट बघत बसली.

दादाला तिने सांगितलं की आई बाथरूममध्ये घसरून पडली. दादा बिचारा दुसऱ्याच दिवशी रबरी चटई घेऊन आला आणि ती चिकटवायला गुडघ्यांवर बसला. धाकटी दारात उभी राहून बघत होती. तोंड उघडायचा तिला धीर झाला नाही.

बॉक्सिंग त्याच दिवशी सुटलं. मिनिटवाल्यांचे दोन फोन आले, ते तिने उचलले नाहीत. आईला तो ठोसा आठवत नव्हता, पण तिचं अंग विसरलं नव्हतं. धाकटीने केस विंचरायला हात वर केला तरी ती मान खांद्यात घ्यायची. महिन्याभरात धाप परत आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एवढं छान चाललेलं का सोडलंत? धाकटी म्हणाली, वेळ जमत नाही.

त्याच गोदामाच्या मागच्या खोलीत ज्यूदो चालायचं. एकदा धाकटी आत डोकावली. जमिनीवर जाड गाद्या अंथरलेल्या, आणि शिकवणारी साठीची, चांगली भरलेली बाई. सगळे तिला मोठ्याबाई म्हणत.

"इथे मारायला शिकवता का?" धाकटीने विचारलं.

"इथे मारायचं नसतं," मोठ्याबाई म्हणाल्या. "पडायचं, पाडायचं आणि धरून ठेवायचं. मारायचं असेल तर पुढच्या दाराने जा."

धाकटीने चपला काढल्या.

पहिले दोन महिने नुसतं पडणं. हनुवटी छातीला लावून, तळहात गादीवर आपटत, मागे, बाजूला, पुन्हा मागे. घामाने निथळून निघायची. ज्यूदोत ठोशासारखं सुख नव्हतं. अंग ठणकायचं आणि घरी गेल्यावर ती दगडासारखी झोपायची. पुढे धरायला शिकवलं. समोरचा जोर लावतो तेव्हा त्याच्याशी भांडायचं नाही, त्याच्या जोराबरोबर जायचं, मागून जवळ घ्यायचं, आपलं वजन खाली सोडायचं. धाकटीने हे एवढ्या मन लावून घोटलं की मोठ्याबाईंनी एकदा बाजूला घेऊन विचारलं, घरी कुणी त्रास देतं का? ती नाही म्हणाली. खरं म्हणजे प्रश्न उलटा विचारायला हवा होता.

मग ती सकाळ आली. आईने अंघोळीचा तांब्या फेकला, हात उगारला. धाकटी तिच्या हाताखालून मागे गेली, दोन्ही हातांनी तिला कवेत घेतलं आणि स्वतः आधी खाली बसत तिला अलगद मांडीवर उतरवलं. आईने थोडी धडपड केली. मग तिचा श्वास हळूहळू खाली आला. दोघी ओल्या जमिनीवर बसून होत्या. धाकटीला वाटलं, जमलं एकदाचं.

आईने मान किंचित वळवली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुम्ही चांगल्या दिसता. जरा वेळ थांबाल का?"

"थांबते की. का?"

"माझी मुलगी येईल आता. ती मारते मला."

धाकटीने आईला पुसलं, झगा घातला, भरवलं. कारखान्यात कळवलं की आज येत नाही. संध्याकाळी दादा आला तेव्हा ती बसलीसुद्धा नाही, उभ्याउभ्याच म्हणाली, "आई घसरली नव्हती. मी मारलं होतं."

दादाने हातातली पिशवी खाली ठेवली. "किती वेळा?"

"एकदाच."

"नक्की?"

त्या एका शब्दाने त्यांच्यातलं काय तुटलं ते दोघांनाही कळलं. त्या आठवड्यात दादाने आईला आपल्या घरी नेलं. वहिनी मनाने चांगली, पण अंघोळीच्या वेळी आई तिला जवळ फिरकू देईना. शेवटी धाकटीलाच बोलवावं लागलं. रोज सकाळी कामाआधी ती जायची. ती आईला अंघोळ घालायची आणि दादा बाथरूमच्या दारात उभा राहायचा. बहिणीवर पहारा ठेवायचा.  ती त्याला जा म्हणाली नाही. पाठीवर त्याची नजर घेऊन तिने तीन महिने आईची पाठ चोळली.

एका रविवारी ती पोचली तेव्हा दादा सोफ्यावर बसला होता. चष्म्याची एक काच फुटलेली, भुवईवर ओरखडा. वहिनी आतल्या खोलीत आईपाशी होती. दादा स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता.

"तिने जेवणाचं ताट मारलं तोंडावर," तो म्हणाला. "माझा हात वर गेला होता, धाकटे. तुझी वहिनी मध्ये पडली म्हणून."

धाकटी त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"तू तिला धरतेस ना, ते मला शिकव."

टेबल सरकवून गादी खाली टाकली. आधी पडायला शिकायला लागेल, असं तिने सांगितलं तेव्हा दादाला ते पटेना, पण तो पडला. नव्वद किलोचा माणूस, पडला की कपाटातल्या कपबशा वाजायच्या. वहिनीने आईला बाहेर आणून खुर्चीत बसवलं होतं. आई हे सगळं बघत होती. दादा चौथ्यांदा पडला तेव्हा तिला हसू आलं, आणि दादा आडवा पडल्यापडल्या तिच्याकडे बघत राहिला. दर रविवारी ते शिकत राहिले. मागून जायचं, जवळ घ्यायचं, आधी आपण खाली बसायचं.

पाचव्या रविवारी दादाला ते नीट जमलं. त्यानंतरच्या मंगळवारी आईला ताप भरला, छातीत कफ साचला, आणि दवाखान्यातून परत आली ती अंथरुणाला खिळूनच. दादा आता दारात उभा राहत नव्हता. आत येऊन एका बाजूने धरायचा, दुसऱ्या बाजूने धाकटी, आणि कूस बदलून दोघं मिळून तिचं अंग पुसायचे. आईचा हात उचलून खाली ठेवला की तो तिथेच राहायचा. त्यात कुणाला मारण्याएवढं बळ उरलं नव्हतं.